पनायच्या चुलीवरचा आंबट : बोराकायच्या किनाऱ्यावरील खाद्यमहोत्सव

फिलिपिन्समध्ये एप्रिल हा देशाच्या खाद्यसंस्कृतीचा महिना मानला जातो. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या ४६९ क्रमांकाच्या घोषणेने त्याला अधिकृत रूप मिळाले. बोराकाय बेटावरील एका समुद्रकाठच्या रिसॉर्टने याच महिन्यात पश्चिम विसायासच्या जेवणाचा महोत्सव भरवला असल्याचे समजल्यावर आम्ही आमच्या सहलीच्या तारखा त्याला जुळवून घेतल्या. आक्लान, आंतिके, कापीस, इलोइलो, गिमारास आणि पश्चिम नेग्रोस अशा सहा प्रांतांतील स्वयंपाकी तेथे येणार होते. २०२४ मध्ये कायद्याने नेग्रोस बेटाचा स्वतंत्र विभाग झाला असला, तरी जेवणाच्या बाबतीत नेग्रोस आणि शेजारचे पनाय बेट यांची फारकत झालेली नाही, आणि आयोजकांनीही ती केली नव्हती.

गुरुवार

मनिलाहून काटिक्लानला विमानाने तासाभरात पोहोचता येते. काटिक्लान हे पनाय बेटाच्या वायव्य टोकावरील गाव असून तेथील धक्क्यावरून दोन्ही बाजूंना उलांड्या बांधलेली बांका नावाची होडी दहा-पंधरा मिनिटांत बोराकायच्या काग्बान धक्क्यावर पोहोचवते. ही अरुंद खाडी ओलांडताना आमच्या शेजारच्या होडीत भाज्यांच्या टोपल्या, तांदळाची पोती आणि नारळांचे ढीग चढवले जात होते. जगभरातील पर्यटक बोराकायला स्वतंत्र जग समजून येतात. वस्तुतः हे बेट आक्लान प्रांतातील मालाय नगरपालिकेचा एक भाग आहे आणि त्याचे पोट पनायवर भरते. असे असूनही किनाऱ्यालगतच्या उपाहारगृहांत पिझ्झा, बर्गर आणि कोरियन पद्धतीचे भाजलेले मांस जितक्या सहज मिळते, तितक्या सहज पनायच्या घरांतले जेवण मिळत नाही. म्हणूनच हा महोत्सव बोराकायवर भरणे मला फार महत्त्वाचे वाटले.

सुमारे ४ किलोमीटर लांबीचा पांढरा किनारा आज स्वच्छ दिसतो, त्यामागे एक कठोर निर्णय आहे. सांडपाणी थेट समुद्रात सोडले जात असल्यामुळे सरकारने २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने हे बेट पर्यटकांसाठी पूर्णपणे बंद ठेवले होते. ते पुन्हा उघडले तेव्हा किनाऱ्यावर मद्यपान आणि धूम्रपान करण्यास, तसेच वाळूत टेबल-खुर्च्या मांडण्यास मनाई झाली. त्यामुळे महोत्सवाचा मांडवही वाळूत नव्हता, रिसॉर्टच्या आतील बाजूस माडांच्या बागेत घातला होता. समुद्र समोर दिसत होता आणि चुलींचा धूर वाऱ्याबरोबर बागेतच फिरत होता. जेवणासाठी ही जागा वाळूपेक्षा कितीतरी चांगली होती.

पहिली संध्याकाळ यजमान प्रांताची, म्हणजे आक्लानची होती. इनुबारांग मानोक हा येथील मानाचा पदार्थ. गावठी कोंबडी, केळीच्या खोडाचा गाभा, गवती चहा आणि नारळाचे दूध एवढ्यावर तो उभा असतो. गाभा चिरणाऱ्या बाई प्रत्येक चकती कापल्यावर सुटणारे धागे बोटाभोवती गुंडाळून बाजूला काढत होत्या. कोकणात केळीच्या गाभ्याची भाजी करणाऱ्यांना हे काम ओळखीचे आहे आणि त्यात घाई चालत नाही, हेही त्यांना ठाऊक असते. शिजल्यावर गाभा मऊ होतो, पण विरघळत नाही. कोंबडीचा रस आणि नारळाचे दूध शोषून घेऊनही त्याचा किंचित कुरकुरीतपणा टिकून राहतो. त्याच्या जोडीला बिनाकोल होते. हे कोंबडीचे पातळ सूप पाण्याऐवजी शहाळ्याच्या पाण्यात शिजवतात आणि त्यात कोवळी मलई घालतात. पूर्वी ते बांबूच्या नळकांड्यात शिजवत असत. बिनाकोलची गोडी मला पहिल्या घोटाला अनोळखी वाटली, मात्र आले आणि गवती चहा यांच्यामुळे ती पुढे सुखद होत गेली.

शुक्रवार

महोत्सवाचा गाभा मला या दिवशी सापडला. सकाळी इलोइलोच्या स्वयंपाकिणींनी त्यांच्या घरचे रोजचे जेवण रांधून दाखवले. त्यांच्यातील ज्येष्ठ बाईंना सगळे ‘मानांग’ म्हणत होते. तिकडे थोरल्या बहिणीला आणि वयाने मोठ्या स्त्रीला असे संबोधतात, त्यामुळे आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांनी आमच्यासमोर दोन टोपल्या ठेवल्या. एकीत काळपट जांभळे दाणे होते आणि दुसरीत लिंबाएवढी हिरवी, गोलसर, कडक फळे होती.

दाणे पाहताक्षणी माझी मैत्रीण म्हणाली, “ही तर तूर आहे.” ती खरोखरच तूर होती. पनायमध्ये तिला कादियोस म्हणतात. ही कडधान्याची जात मूळची भारतातील आहे. परंतु आपण तिची डाळ करून वरणासाठी वापरतो, तर हे लोक गडद रंगाचे वाण निवडून अख्खे दाणे रस्सा काळाजांभळा होईपर्यंत शिजवतात. दुसऱ्या टोपलीतील फळ म्हणजे बातवान. ते गार्सिनिया कुळातले, आपल्या कोकमाच्या सख्ख्या नात्यातले झाड आहे. आपण कोकमाची पिकलेली लाल साल वाळवून आमसुले करतो. बातवान मात्र कच्चे असतानाच उतरवतात, अख्खे फळ रश्श्यात सोडतात आणि मऊ झाले की डावाच्या पाठीने ठेचून त्याचा आंबटपणा बाहेर काढतात. त्याला कोकमासारखा रंग नाही आणि चिंचेसारखी जडताही नाही. जिभेवर तो स्वच्छ, थोडासा फळाच्या वासाचा आंबट उमटतो आणि मागे काही न ठेवता निघून जातो.

या दोहोंना कच्चा फणस आणि डुकराचे मांस जोडले की इलोइलोचा सर्वांत लाडका रस्सा तयार होतो. कादियोस, बाबोय आणि लांका या तीन घटकांच्या आद्याक्षरांवरून त्याला केबीएल म्हणतात. मानांगांनी आधी विस्तवावर भाजून घेतलेली डुकराची तंगडी दाण्यांबरोबर मंद आचेवर ठेवली, ती जवळजवळ मऊ झाल्यावर फणसाचे तुकडे टाकले आणि बातवान सर्वांत शेवटी सोडले. आंबट आधी घातला तर दाणे शिजत नाहीत, असे त्यांनी सांगितले, आणि वरणात चिंच किंवा कोकम डाळ शिजल्यावरच घालणाऱ्या आम्हा दोघींना त्याचे कारण विचारावे लागले नाही. मांसाची स्निग्धता, फणसाचा तंतुमय मऊपणा, तुरीची मातकट चव आणि या सगळ्यांना वेगवेगळे ठेवूनही एकत्र बांधणारा बातवानचा आंबट, असा तो रस्सा मी गरम भातावर दोनदा वाढून घेतला. चिंचेच्या आंबटावर आधारलेले सिनिगांग जगभर पोहोचले आहे. माझ्या मते केबीएल त्याहून खोल चवीचा पदार्थ आहे, आणि बातवान बाहेर मिळत नाही एवढ्याच कारणाने तो प्रांताबाहेर फारसा गेलेला नाही.

कोंबडी आणि केळीचा गाभा घालूनही कादियोसचा रस्सा करतात. आदल्या संध्याकाळी आक्लानच्या पातेल्यात पाहिलेला गाभा येथे पुन्हा भेटल्यामुळे शेजारचे प्रांत एकाच सामग्रीचे वेगवेगळे काय करतात, हे लक्षात आले. आक्लानने त्याला नारळाच्या दुधात घातले होते, इलोइलोने त्याला बातवानच्या आंबटात घातले.

माझी मैत्रीण शाकाहारी आहे, आणि फिलिपिन्समध्ये शाकाहारी माणसाची खरी अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, न दिसणाऱ्या मासळीची असते. जवळा किंवा लहान मासे खारवून, आंबवून केलेले गिनामोस आणि माशांपासून काढलेला पातिस हा खारट अर्क भाज्यांतही सर्रास पडतो. ‘मांस नको’ एवढेच सांगून भागत नाही. गिनामोस, पातिस आणि सुकी कोळंबी यांची नावे घेऊन ती नकोत असे सांगावे लागते. मानांगांनी तिच्यासाठी लास्वा वेगळे केले. लाल भोपळा, भेंडी, वांगी, चवळीच्या शेंगा, शेवग्याचा पाला आणि आलुग्बाती म्हणजे आपला मायाळू, हे सारे पाण्यात फक्त मीठ, कांदा आणि टोमॅटो घालून उकडतात. तेल नाही, फोडणी नाही, मसाला नाही. मायाळू आणि भेंडी यांच्यामुळे रस्सा किंचित बुळबुळीत होतो. हे ज्यांना चालत नाही त्यांना लास्वा आवडणार नाही. माझ्या मैत्रिणीला ते इतके आवडले की तिने पुढचे दोन्ही दिवस तेच मागितले, आणि तिच्यासाठी कादियोस व फणस यांचा मांसाविना रस्साही आनंदाने करून देण्यात आला.

संध्याकाळच्या जेवणात मात्र थोडी निराशा झाली. रिसॉर्टच्या व्यवस्थापनाने सकाळचेच पदार्थ मोठ्या प्रमाणावर करून गरम ठेवण्याच्या भांड्यांत मांडले होते. केबीएल तासन्‌तास तापत राहिल्यामुळे फणस विरघळून गेला होता, आणि ध्वनिक्षेपकावरील गाण्यांमुळे स्वयंपाकिणी काय सांगत आहेत ते ऐकू येत नव्हते. ज्या बायका दूरवरून आपल्या घरची चव घेऊन आल्या होत्या, त्यांचे बोलणे गाण्यांखाली दबून जावे याचे मला वाईट वाटले.

शनिवार

आदल्या दिवशी बातवानचा आंबट समजला होता, आज माडाच्या सिरक्याचा समजला. तुबा म्हणजे माडाची माडी. माडाच्या पोयीला काप देऊन तिचा रस सकाळ-संध्याकाळ उतरवतात. ताजा असताना तो गोड लागतो, काही तासांत फसफसू लागतो आणि ठेवला तर काही आठवड्यांत त्याचा सिरका होतो. गोव्यात रेंदेर माडावर चढून सूर काढतात आणि तिचा सिरका तेथील ख्रिस्ती घरांच्या स्वयंपाकात आजही पडतो. फिलिपिन्समध्ये हा सिरका सर्वांच्या रोजच्या वापरातला आहे, आणि स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून तो आहे. मासे आणि मांस सिरक्यात शिजवून टिकवण्याची पद्धत स्थानिकांचीच होती; १६१३ च्या तागालोग शब्दकोशात तिची नोंद ‘स्थानिकांचा आदोबो’ अशी करून स्पॅनिश धर्मगुरूने तिला आपल्याकडचे नाव दिले. १५६५ ते १८१५ या काळात मनिला आणि अकापुल्को यांच्या दरम्यान स्पॅनिश गलबते ये-जा करीत होती. त्यांच्यावरील फिलिपिनो खलाशांनी तुबा काढण्याची कला मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर नेली आणि कोलिमा भागात ती अजून टिकून आहे.

दुपारी या सिरक्यात किनिलाव झाले. सुरमईच्या जातीची ताजी मासळी चौकोनी तुकडे करून प्रथम थोड्या सिरक्यात धुतात आणि तो सिरका टाकून देतात. मग नवा सिरका, आले, कांदा, तिखट मिरची आणि शेवटी नारळाचे घट्ट दूध घालतात. विस्तवाचा संबंध नसतो. सिरक्यामुळेच माशाचा पारदर्शकपणा जाऊन तो कडेने पांढरा होतो. कच्च्या माशाची भीती बाळगणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की हा पदार्थ मासा ताजा असल्याची खात्री असेल तेथेच, आणि डोळ्यांसमोर कालवलेलाच खावा. आम्ही तसाच खाल्ला. नारळाच्या दुधाने सिरक्याची धार कमी होते, तरी माशाची गोडी झाकली जात नाही.

कापीस प्रांताच्या मांडवात कालवे, शिंपले आणि दिवाल नावाचा पंखासारख्या पांढऱ्या कवचाचा लांबट शिंपला होता. प्रांताची राजधानी रोहास स्वतःला देशाची सागरी खाद्याची राजधानी म्हणवते, आणि त्या दिवशीच्या ताटांकडे पाहून तो दावा पटत होता. अतिउपशामुळे दिवाल एकेकाळी जवळपास नाहीसा झाला होता, म्हणून आता त्याच्या काढणीवर लक्ष ठेवले जाते. मांडवाच्या कडेला पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांच्या चौकटी टांगल्या होत्या. हाच शिंपला गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवलेला दिसतो.

रात्री नेग्रोसच्या बाकोलोद शहराचा इनासाल होता, आणि यावेळी तो भांड्यांत न ठेवता थेट कोळशावरून ताटात येत होता. कोंबडीचे मोठे तुकडे सिरका, कालामान्सी हे लहान लिंबू, आले, लसूण आणि गवती चहा यांत मुरवून बांबूच्या काडीवर लावतात आणि भाजताना त्यांवर शेंद्रीच्या बियांत तापवलेले तेल पुन्हा पुन्हा फिरवतात. त्या तेलाने कोंबडीला नारिंगी रंग येतो. शेंद्री मूळची अमेरिका खंडातील. स्पॅनिश काळात ती पॅसिफिक ओलांडून इकडे आली, म्हणजे ज्या सागरी मार्गाने तुबा तिकडे गेली त्याच मार्गावरून. हेच तेल भातावरही ओततात. सोबत सिनामाकची बाटली असते. माडाच्या सिरक्यात मिरच्या, लसूण, आले, मिरी आणि कुलंजन घालून तो मुरवलेला असतो. जेवणारा आपल्या वाटीत सिनामाक, सोया सॉस आणि कालामान्सीचा रस हवा तसा मिसळतो. भाजणाऱ्या गृहस्थांनी आम्हांला चमचे बाजूला ठेवायला सांगितले, आणि हाताने भात कालवण्याची सवय असलेल्या आम्हांला ते सांगावे लागले नसते तरी चालले असते.

रविवार

शेवटच्या दिवशी गिमारास या छोट्या प्रांताचा मांडव सकाळपासून गजबजला होता, कारण आंब्यांचा हंगाम चालू होता. गिमारासच्या आंब्याला २०२३ मध्ये फिलिपिन्समधील पहिले भौगोलिक मानांकन मिळाले. बाहेरचा आंबा किंवा त्याची कलमे या बेटावर आणण्यास बंदी असून किडीपासून बागा वाचवण्यासाठी ती कसोशीने पाळली जाते. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. तो खाऊन मोठे झालेल्या माणसाने दुसऱ्या आंब्याविषयी नि:पक्षपाती मत देणे कठीण आहे, तरीही प्रयत्न करते. गिमारासचा आंबा काराबाव जातीचा असतो. त्याची साल पातळ व पिवळीधमक, कोय चपटी आणि गर रेषाविरहित असतो. गोडी भरपूर असूनही शेवटी हलका आंबटपणा जाणवतो. हापूसचा दूरवर पसरणारा सुवास त्याला नाही. मात्र नारळाच्या दुधात चिकट तांदूळ शिजवून माडाच्या पातीत गुंडाळलेल्या इबोसबरोबर तो खाल्ला, तेव्हा सुवास कमी असणे हेच तेथे योग्य वाटले.

त्याच मांडवात तुलतुल हे मीठ होते, आणि महोत्सवातील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती असे विचारले तर मी याच विटेकडे बोट दाखवीन. समुद्रातून वाहत आलेला पाला, काटक्या आणि लाकडे गोळा करून समुद्राच्या पाण्यात भिजवतात, ती जाळून राख करतात, त्या राखेतून समुद्राचे पाणी गाळून घेतात आणि ते गाळीव पाणी नारळाच्या दुधासह आटवून त्याची दगडासारखी कडक वीट बनवतात. ती किसून गरम भातावर घालायची, वर थोडे तेल सोडायचे. दुसरे कालवण लागत नाही. खारटपणात धुराचा आणि नारळाचा हलका वास असतो. १९९५ च्या कायद्याने मिठात आयोडीन घालणे सक्तीचे झाल्यावर असे हातमीठ करणाऱ्यांची मोठी कोंडी झाली आणि तुलतुल करणारी कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली. २०२४ मध्ये मीठ उद्योगाच्या विकासासाठी नवा कायदा झाला आहे. त्याचा लाभ या थोड्या कुटुंबांपर्यंत पोहोचला पाहिजे.

आंतिकेची शुद्धीकरण न केलेली साखर, तिच्यात शिजवलेल्या खोबऱ्याचा बुकायो, आणि नेग्रोसची साखर भरलेली चपटी पियाया यांची चव घेऊन दुपारी महोत्सव संपला. साखरेच्या मळ्यांवर वाढलेल्या नेग्रोसचे गोड पदार्थ मला फार गोड वाटले.

सोमवार

महोत्सवात बाचोय हा शेवयांचा रस्सा ठेवला नव्हता, म्हणून आम्ही काटिक्लानहून गाडीने इलोइलोला गेलो. पनाय बेट आडवे ओलांडणारा हा रस्ता पाच-सहा तासांचा आहे. इलोइलोला ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. हा मान मिळवणारे ते फिलिपिन्समधील पहिले शहर आहे. ला पास भागाच्या बाजारात बाचोयचा जन्म झाला आणि तो तेथेच खावा. जाड शेवया, डुकराचे काळीज व इतर अवयव, हाडांचा मगज, वरून तळलेल्या कातडीचा चुरा, आणि या सगळ्यावर ओतलेला, गिनामोसने खोली आणलेला उकळता रस्सा. वाडगा अर्धा झाल्यावर विक्रेत्याने न विचारताच त्यात आणखी रस्सा ओतला. शाकाहारी माणसाला तेथे काहीही नाही. माझ्या मैत्रिणीने समोरच्या गाळ्यावरून पुतो म्हणजे तांदळाचा वाफवलेला केक घेतला आणि कॉफीबरोबर खाल्ला.

दुपारी शहराच्या मोलो भागात गेलो. स्पॅनिश काळात ही चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती आणि पान्सित मोलो हे त्यांच्याच वारशाचे सूप आहे. नावात पान्सित असूनही त्यात शेवया नसतात. कोंबडीच्या रश्श्यात मांस भरलेल्या पातळ पारीच्या पुरचुंड्या तरंगत असतात.

ला पासच्या बाजारात भाजीवाल्या बायकांसमोर बातवानचे ढीग होते, शेजारी कादियोसचे जांभळे दाणे आणि फणसाचे तुकडे एकत्रच मांडले होते, म्हणजे गिऱ्हाइकाने एकाच ठिकाणी केबीएलची सारी तयारी घ्यावी. पनायचे जेवण नीट समजून घ्यायचे असेल, तर बोराकायला जाणाऱ्यांनी परतीचा प्रवास इलोइलोमार्गे करावा आणि तेथे किमान एक रात्र राहावे. इलोइलोहून मनिलाला थेट विमाने आहेत, त्यामुळे काटिक्लानला मागे वळावे लागत नाही.